जेल रोड, ४२२१०१

सकाळचे नऊ. गॅसवर दुसरा चहा,
आणि प्रागच्या विमानतळावरून मुक्ता:
"पप्पा, मला चढू देत नाहीयेत."

तिकडे साडेपाच. तिच्या मागे रांग,
कुणाच्या तरी बॅगेची चाकं घरंगळतायत,
आणि एक बाई, दिसत नाही, नुसती ऐकू येते,
तेच वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा.

म्हटलं, अगं तूच तर सांगायचीस
तिकडे देशादेशांत फाटक नाही,
सिन्नरहून संगमनेरला जावं तसं जातात.
"फाटक नाहीये पप्पा. काउंटर आहे."

राहण्याचं कार्ड दाखवलं तिने.
फोटो तिचा, ठसे तिचे, आत सरकारी चिप.
नाही चालत. ते म्हणे राहण्यापुरतं, उडण्यापुरतं नाही.
विद्यापीठाचं कार्ड. मग पंचवटीत काढलेलं लायसन,
तेसुद्धा काढून बघितलं बिचारीने.
तिच्या पुढचा पोरगा तळहाताएवढं काहीतरी दाखवून
शीळ घालत गेला. तो त्या बाजूचा.
हिच्यासाठी एकच: निळं पुस्तक.
आणि निळं पुस्तक खोलीवर,
चिवड्याच्या डब्याखाली, जपून ठेवलेलं.

मी हसलो. हसायला नको होतं.

एकोणतीस वर्षं माझी प्रेसमध्ये गेली.
छत्तीस पानं, आणि पुन्हा छत्तीस पानं,
जगभर जाणारी, माझ्यासमोरून.
संध्याकाळी भोंगा झाला की झडती,
खिसे उलटे, जेवणाचा डबा उघडा.
गेटवरचा शिरसाठ माझ्या लग्नात पंगतीला वाढत होता,
तोही रोज म्हणायचा, अरिंगळे, पास.
एकदा विसरलो तर दीड तास बाहेर.
तो आत, मी बाहेर, मधे साखळी,
दोघं तंबाखू मळत
माझी ओळख पटायची वाट बघत.

हेच तिला सांगायला घेतलं.
"पप्पा," ती म्हणाली, "विमान गेलं."

माझ्याकडे पासपोर्ट नाही. काढला नाही.
जायचं कुठे होतं?
रेशनच्या यंत्रावर आताशा अंगठाही लागत नाही,
कागद मोजून मोजून रेघा गुळगुळीत झाल्या.
दुकानदार म्हणतो, काका, दुसरं बोट.
मी एकेक बोट देत जातो.
करंगळीवर तांदूळ मिळतात.

रात्री तिने व्हिडिओवर पुस्तक उघडलं.
उजेडाला धर, म्हटलं. धरलं.
शिवण जवळून दाखव. दाखवली. सरळ होती.
माझ्या हातची नाही, मी निवृत्त झाल्यावरचं पुस्तक हे,
तरी बघितली.

मग शेवटचं पान. तिथे मी आहे.
वडिलांचं नाव, इंग्रजीत, आडनावात एक अक्षर जास्तीचं.
खाली तिची आई. खाली पत्ता.
ते पान म्हणे कुणी उघडतच नाही.
पहिलं बघतात, चेहरा बघतात, जा म्हणतात.
एकदाच, कार्ड काढताना, तिथल्या कारकुनाने
बोट ठेवून विचारलं होतं,
जेलमध्ये कोण होतं?
"कुणी नाही," ही म्हणाली, "रस्ता आहे तो.
माझे पप्पा त्यावरून सायकलने कामाला जायचे."
त्याने मान हलवली, आणि शिक्का मारला.

उद्या दुपारचं नवीन तिकीट. एकशे चाळीस युरो.
मी गुणाकार केला नाही.
मैत्रिणीची हळद हुकली, लग्न सापडेल,
तिकडे हळद नसते म्हणा, पण काहीतरी असेलच.

फोन ठेवताना एवढंच म्हटलं:
दारातून निघताना खिसे चाचप.
गेटवरच्याने सांगायच्या आधी
आपणच उलटे करून बघावेत,
बरं असतं.